क्रीम ओतून होईपर्यंतची गोष्ट

प्रिय शहाण्या,

तुझं पुस्तक मिळालं. पार्सलची चिकटपट्टी सोडवताना माझं नख मोडलं, त्याचाही राग या पत्रात उतरला तर समजून घे. हे तिसरं पत्र आहे. पहिली दोन फाडली. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या आणि दुसरं लिहिताना मी रडले, आणि मी रडले हे तुला कळावं अशी माझी अजिबात इच्छा नव्हती. फोन केला असता, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, मध्येच ‘अगं ताई, तसं नाहीये ते’ सुरू करतोस. उगाच नाही आईने तुला शहाण्या म्हणायला सुरुवात केली. चौथ्या वर्षी तू तिला घड्याळ चुकीचं लावलंय म्हणून सांगितलं होतंस, आणि मेलं ते खरंच चुकीचं होतं. कागद मध्ये बोलत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी पहिल्या पानाचं बोलू. ‘बाबा आणि ताईस, प्रेमपूर्वक’ एवढे चार शब्द तू टाइप करून, कापून, चिकटवलेस आणि खाली सहीचा शिक्का मारलास. सख्ख्या बापाला रबरी शिक्का! एवढा मोठा लेखक झालास का, की चार शब्द लिहायला हात दुखतो? बाबांना आता डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही. त्यांनी विचारलं, पहिल्या पानावर काय लिहिलंय. मी सांगितलं, छान वळणदार अक्षरात लिहिलंय. म्हणजे तुझ्यापायी मीही थापा मारायला लागले, आणि थापांबद्दल तुझं काय मत आहे ते मी सातव्या प्रकरणात वाचलंच आहे.

तर सातवं प्रकरण. मान्य, शहाण्या, मान्य. तू म्हणतोस तेच खरं. व्हाइट रशियन या कॉकटेलच्या नावामागे कुणीही रशियन माणूस नाही. आधी व्होडका आणि कॉफीची लिकर, म्हणजे गोड दारू, एवढंच असायचं. व्होडका म्हटलं की लोकांना रशिया आठवतो म्हणून ते रशियन, आणि रंग काळा म्हणून ब्लॅक. पुढे कुणीतरी त्यावर क्रीम सोडलं, काळ्याचं पांढरं झालं, नाव बदललं. रशियन क्रांतीत हरलेल्या त्या ‘गोऱ्या’ फौजांचा याच्याशी काही संबंध नाही, त्या हरून तीस-चाळीस वर्षं झाल्यावरच्या या गोष्टी. झालं, संपलं. चार ओळींचं काम. त्याला तुला अकरा पानं लागली, आणि त्या अकरातली सात पानं बाबा नोकरीला होते त्या हॉटेलच्या बारवर आणि बाबांवर आहेत.

बाबांची गोष्टसुद्धा तू धड दिली नाहीस. अर्धी गाळलीस आणि उरलेली घाईत उरकलीस. मी ती हजारदा ऐकली आहे, तेव्हा नीट ऐक. पांढऱ्या गणवेशातला एक सरदार, सगळं हरलेला, बर्फातून बारा दिवस चालत परक्या मुलखातल्या एका हॉटेलात येतो. म्हणतो, माझं सगळं काळं झालं, मला प्यायलाही काळंच द्या. त्याला काळं पेय मिळतं. हॉटेलची स्वयंपाकीण दारातून त्याच्या निळ्या पडलेल्या बोटांकडे बघते. ती काही विचारत नाही. क्रीमचं भांडं घेऊन येते आणि चमच्याच्या पाठीवरून, अगदी हळू, त्याच्या ग्लासात धार सोडते. काळ्यावर पांढरं तरंगायला लागतं. सरदार म्हणतो, बाई, माझ्या गावचा बर्फ आणून दिलात तुम्ही. आणि मग बाबा हनुवटीने समोरची भिंत दाखवायचे, ‘तो बघा, तोच तो.’ गिऱ्हाईक मागे वळून तसबिरीकडे बघायचं. मिशा, पांढरा कोट, करारी चेहरा. परत वळेपर्यंत ग्लास त्याच्यापुढे, आणि क्रीमचा थर सुरीने कापल्यासारखा सरळ.

तसबीर दाढीच्या साबणाच्या जाहिरातीतली आहे, हा शोध तू मोठ्या ऐटीत लावला आहेस. खालच्या कोपऱ्यात साबणाच्या नावाचं एक टोक कापायचं राहिलंय, हेही बरोबर. कापायला मीच बसले होते, मला माहीत नसेल? वर तू विनोदही केलास, की थाप इतकी जुनी झाली की तसबिरीची चौकट भिंतीच्या रंगात रुतून बसली. लोक हसले असतील. मी ते पान वाचलं आणि पुस्तक उलटं ठेवून जरा वेळ लिंबं चिरत बसले. त्या चौकटीचं नंतर सांगते. आणि तू लिहितोस की बाबांनी ही थाप ‘आयुष्यभर’ मारली. आयुष्यभर नाही. चौदा वर्षं. त्याआधी ते काउंटरमागे चकार शब्द बोलत नसत, गिऱ्हाइकं त्यांना मौनीबाबा म्हणायची. शोध लावणाऱ्या माणसाने हेही शोधायला हवं होतं, की एवढा मुखदुर्बळ माणूस सेहेचाळिसाव्या वर्षी अचानक गोष्टी का सांगायला लागला.

आता पान एकशे बारा. तू बावीस वर्षांचा होतास, सुट्टीत आला होतास. दुपारचे चार, बार नुकता उघडलेला, काउंटरवर फक्त दातांचे डॉक्टर. बाबा क्रीम सोडत होते, गोष्ट चालू होती, आणि ते ‘तो बघा’ म्हणणार तेवढ्यात तू म्हणालास, ‘डॉक्टर, तिकडे बघू नका, ती साबणाची जाहिरात आहे. सगळं खोटं आहे.’ डॉक्टर तसबिरीकडे वळलेच नाहीत. आधी तुझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या हाताकडे. चमचा ग्लासवर वाजायला लागला आणि क्रीम डॉक्टरांच्या बाहीवर. इथपर्यंत तू खरं लिहिलंस. त्यापुढचं वाक्य मला पाठ झालंय: ‘त्या दिवशी मी वडिलांचा हात थरथरताना पाहिला. खोटं पकडलं गेलं, की पहिली कबुली हात देतो.’ वाक्य चांगलं आहे, त्याचीच जास्त चीड येते. वाईट वाक्य असतं तर लोकांनी वाचून सोडून दिलं असतं. आता म्हणे लोक ते एकमेकांना पाठवतात.

हात थरथरला, कारण तो रोज थरथरायचा. घे. पस्तीस वर्षं दाबून ठेवलं होतं, आज लिहून टाकलं.

तू अकरा वर्षांचा होतास तेव्हाची गोष्ट. सुरुवात मिठाच्या डबीपासून झाली, ती बाबांच्या हातून सांडायला लागली. मग हजेरीच्या वहीतली सही मुंगीच्या पायांसारखी व्हायला लागली. हात मांडीवर असला की शांत, पण काही नाजूक धरलं की थरथर सुरू. आई सकाळी त्यांची बटणं लावून द्यायची आणि तू उठायच्या आत हे सगळं उरकायचं असा घरचा नियम होता. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, जिवावरचं नाही, पण जाणारंही नाही. आपल्या आजीआजोबांबद्दल, काकाबद्दल बरंच खोदून विचारलं त्यांनी. मला तेव्हा वाटलं, यांना नसत्या चौकशा कशाला.

हॉटेलात तेव्हा तो मॅनेजर होता, ज्याला आम्ही कडक इस्त्री म्हणायचो. दर महिन्याच्या एक तारखेला तो प्रत्येक वेटरच्या ट्रेवर काठोकाठ भरलेले चार ग्लास ठेवून त्याला दारापासून खिडकीपर्यंत चालवायचा. पाणी सांडलं की तळघरात, धुलाईला. बारमागच्या माणसाचा हात कापतो हे त्याला कळलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवशी चादरी मोजत बसले असते. बाकीच्या कॉकटेलांची काळजी नव्हती. ती हलवायचीच असतात, तिथे तुझ्या बाबांचा हात फुकटात काम करतो, असं आई म्हणायची आणि बाबासुद्धा हसायचे. अडचण एकाच पेयाची होती, आणि आमचा बार नेमका त्याच्यासाठी प्रसिद्ध. क्रीम ढवळायचं नाही, तरंगत ठेवायचं. हात हलला की ते बुडतं आणि सगळं गढूळ होतं.

म्हणून दर रविवारी दुपारी, तू खेळायला गेलास की, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरायची. ग्लासात गार काळी कॉफी, वाटीत क्रीम, आई समोर गिऱ्हाईक होऊन बसलेली, पदर खोचून आणि नाक वर करून. चमचा ग्लासच्या काठावर टेकवायचा, डाव्या हाताने उजवं मनगट पकडायचं आणि धार अगदी बारीक ठेवायची, म्हणजे क्रीम नीट बसतं हे त्यांना सापडलं. पण असं ओतायला चाळीस आकडे मोजून होईपर्यंत वेळ लागायचा. चाळीस आकडे समोरचा माणूस काय करणार? हाताकडेच बघणार. आई म्हणाली, मग त्याला बघायला दुसरं काहीतरी द्या. तिथून तो सरदार जन्माला आला. पहिल्यांदा गोष्ट पंचवीस आकड्यांतच संपायची. स्वयंपाकीण आईने घातली, पंधरा आकड्यांसाठी. आणि तसबीर कशासाठी, तर ग्लास भरत आला की हात सगळ्यात जास्त हलतो, त्या शेवटच्या क्षणी मान वळावी म्हणून. कॉलेज सोडायला लावून मला काउंटरवर का घेतलं, यावर तू किती दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस! मी बाबांच्या डाव्या बाजूला लिंबं चिरत उभी राहायचे. तिकडच्या खुर्चीवरून त्यांचं मनगट दिसलं असतं, माझ्या पाठीमुळे दिसायचं नाही.

आता ती चौकट. तिसऱ्या वर्षी कडक इस्त्रीने बार रंगवायला काढला आणि तसबीर कोठीत टाकली. म्हणाला, हा मिशीवाला आता पुरे. भिंत मोकळी. पहिल्या दिवशी बाबांनी ‘तो बघा’ म्हणायच्या ऐवजी खिडकी दाखवली, पण खिडकीबाहेर बघण्यासारखं काय होतं, दोन गिऱ्हाइकांनी हाताकडेच बघितलं. दुसऱ्या दिवशी मात्र चमत्कार. हात दगडासारखा स्थिर, गोष्टसुद्धा सांगितली नाही. मी खूश. तिसऱ्या दिवशी बर्फ आणायला गेले तर कोठीत बाबा बाटलीच्या झाकणातून व्होडका पिताना दिसले. ज्या माणसाने आयुष्यात काउंटरमागे थेंब तोंडाला लावला नाही, तो. म्हणाले, अगं, एक घोट घेतला की तासभर हात गप्प बसतो, औषधच आहे हे. मी आईला सांगितलं नाही, ती माझी चूक. चौथ्या दिवशी दोन झाकणं लागली. पाचव्या दिवशी बार उघडायच्या आधीच लागली, आणि ओसरली की हात पूर्वीपेक्षा जोरात. सहाव्या दिवशी मी कुणाला न विचारता तसबीर कोठीतून आणली, खुर्चीवर चढले आणि त्याच दिवशी दुसरा हात दिलेल्या ओल्या रंगावरच टांगली. चौकट भिंतीला चिकटली. कडक इस्त्रीने ती ओढली तर पोपडा निघायला लागला, तेव्हा शिव्या देत तशीच सोडून दिली. बाबांनी त्या दिवशी गोष्ट सांगितली, आणि पुन्हा कधी झाकणाला हात लावला नाही. म्हणून ती चौकट भिंतीत रुतली आहे, शहाण्या. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आणि ते दातांचे डॉक्टर. ज्यांचं सगळं काम हातावर, त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी बाही पुसली, तुझ्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला येऊन बसले. तेव्हापासून बाबांनी ‘तो बघा’ म्हणायच्या बरंच आधी ते आपणहून तसबिरीकडे तोंड करून बसायचे आणि दर वेळी विचारायचे, मग पुढे काय झालं त्या सरदाराचं? शेवटपर्यंत विचारायचे.

हे मी तुला आधीच का नाही सांगितलं? बाबांनी शपथ घातली होती. आणि खरं सांगू, मला तुझ्याइतकाच त्यांचाही राग येतो. सातवं प्रकरण मी त्यांना वाचून दाखवलं, पान एकशे बारासकट. मला वाटलं, आता तरी चिडतील. ते म्हणाले, ‘नावाचं बरोबर लिहिलंय त्याने. वाक्यही चांगलं जमलंय.’ मी पुस्तक आपटलं. म्हटलं, अहो, जगभर तुम्हाला थापाड्या म्हणून मिरवतोय तो, मला एकदा लिहू द्या त्याला. तर म्हणाले, ‘नको. बापाचा हात खोटेपणाने हलला असं वाटतंय ना त्याला? ते बरं आहे. आजारपणाने हलला हे कळलं तर स्वतःच्या हाताकडे बघत बसेल.’ डोकं आपटायला बारच्या भिंतीकडे जावं तर तिथेही तसबीर.

मी हे पत्र पान एकशे बारासाठी लिहितेय असं तुला इथपर्यंत वाटलं असेल. मलाही पहिल्या दोन पत्रांपर्यंत तसंच वाटत होतं. पण परवा दुपारी तुझा तो टीव्हीवरचा कार्यक्रम आम्ही लावला. बाबा खुर्ची पुढे ओढून कान देऊन बसले, मी काय दिसतंय ते सांगत होते. तू समोर ग्लास घेतलास आणि नावाची खरी गोष्ट सांगत क्रीम सोडायला लागलास. बाबांचं बोट खुर्चीच्या हातावर हळूहळू वाजत होतं, मला वाटलं चाळा आहे. शेवटाला तू म्हणालास, ‘आता मागच्या पडद्यावर बघा’, आणि सगळे वळले. बाबांचं बोट थांबलं. ते म्हणाले, ‘चाळीस.’ मग त्यांनी मला एकच विचारलं, ‘ओतायच्या आधी त्याने काही प्यायलं का?’ मी म्हटलं, हो, एक घोट, चव बघायला, ‘आधी आचाऱ्याने चाखावं’ असं काहीतरी म्हणाला आणि लोक हसले. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘लिही त्याला. सगळं लिही.’

मी तो कार्यक्रम मोबाइलवर पुन्हा लावला, सहा वेळा. तुझा डावा हात उजव्या मनगटावर आहे. चमचा काठावर टेकलेला आहे. मग मला तो सहीचा शिक्का आठवला, ज्यावरून मी तुला एवढं बोलले. मागच्या खेपेला घरी आलास तेव्हा अर्धाच कप चहा दे म्हणालास आणि मी टोमणा मारला, की आता आमचा चहाही जड व्हायला लागला. तू सेहेचाळीस वर्षांचा आहेस, शहाण्या. त्या मोठ्या डॉक्टरांनी आजोबांबद्दल, काकाबद्दल का विचारलं होतं, ते मला आत्ता या वयात कळतंय. मला भीती वाटते. हाताची नाही, हाताने कुणी मरत नाही, बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. मला त्या घोटाची भीती वाटते. खरं सांग, आता किती लागतात? तुझ्या बायकोला माहीत आहे का? सातवं प्रकरण राहू दे तसंच, पान एकशे बाराही राहू दे, बाबांना थापाड्या म्हण, मला काय म्हणायचं ते म्हण. पण डॉक्टरकडे जा, आणि घोट सोड. त्यापेक्षा थाप मार, हवी तेवढी मोठी मार, सरदार तुझाच आहे. बाबांनी त्यांचा चमचा कपाटातून काढून टेबलावर ठेवलाय, रविवारी दुपारी शाळा भरेल म्हणतात. गिऱ्हाईक म्हणून आईच्या खुर्चीत मी बसेन. आणि उत्तर टाइप करून पाठवू नकोस. हाताने लिही. अक्षर कसंही आलं तरी चालेल, बाबांच्या सह्या मी चौदा वर्षं वाचल्या आहेत.

तुझीच,
अजून राग न गेलेली,
ताई